गुन्हेगारांची नोंदवही आणि आपली मुले

(विहाराच्या वर्षावास व्याख्यानमालेत एका निवृत्त शिक्षिकेने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



समितीचे बंधू मला निमंत्रण द्यायला आले तेव्हा म्हणाले, "बाई, मुलांच्या शिक्षणावर बोला." मी म्हटलं, शिक्षणावर मी चौतीस वर्षे बोलतच होते. या वेळी मुलांच्या सुरक्षिततेवर बोलू द्या. विषय अवघड आहे. आपल्या घरांत तो मोठ्याने बोलला जात नाही. म्हणून लहान मुलांना धम्मवर्गाच्या ताईंनी वरच्या खोलीत चित्रे काढायला बसवले आहे. आपण मोठी माणसे आहोत. आपण ऐकू या.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या एका शाळेत चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. गुन्हा नोंदवायला विलंब झाला, लोक रेल्वे रुळांवर उतरले. त्या आठवड्यात आपल्या महिला मंडळाच्या बैठकीत एका भगिनीने मला विचारले, "बाई, असल्या माणसांची यादी सरकार भिंतीवर का लावत नाही? अमेरिकेत म्हणे लावतात. तुम्ही तर तिकडे राहून आलात."

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. मग मी माहिती गोळा केली, मुलीकडून समजून घेतली. आज ते उत्तर देते.

अमेरिकेतील पद्धत

माझी मुलगी न्यू जर्सी राज्यात असते. मी तिच्याकडे सहा महिने होते. तेव्हा ती भाड्याचे घर बदलणार होती. एक घर पसंत पडले. रात्री जेवणानंतर तिने कॉम्प्युटर उघडला, त्या गावाचे नाव टाकले, आणि समोर माणसांचे फोटो आले. मी विचारले, "हे कोण गं?" ती म्हणाली, "आई, लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसं. घर घेण्याआधी इथे सगळे आईबाप बघतात." मी थक्क झाले. खोटं कशाला बोलू, मनात आलं, आपल्याकडे असं पाहिजे.

ही पद्धत एका दिवसात आलेली नाही. कॅलिफोर्निया राज्याने १९४७ साली अशा गुन्हेगारांची राज्यभराची नोंद सुरू केली. पण ती वही पोलिसांच्या कपाटात राहायची. १९८९ साली मिनेसोटा राज्यात जेकब वेटरलिंग नावाचा अकरा वर्षांचा मुलगा सायकलवरून घरी येत असताना पळवला गेला. त्याच्या आईने पाठपुरावा केला, आणि १९९४ साली त्या मुलाच्या नावाने देशाचा कायदा झाला, की प्रत्येक राज्याने अशी नोंद ठेवलीच पाहिजे.

त्याच १९९४ सालच्या जुलै महिन्यात न्यू जर्सीत मेगन कांका या सात वर्षांच्या मुलीचा खून झाला. खून करणारा समोरच्या घरात राहत होता. त्याला मुलांवरील अत्याचारासाठी आधी दोनदा शिक्षा झाली होती. हे तिच्या आईवडिलांना कोणी सांगितले नव्हते. त्यांचे म्हणणे साधे होते: आम्हाला माहीत असते तर आम्ही मुलीला त्या दारात जाऊ दिले नसते. तीन महिन्यांत न्यू जर्सीने कायदा केला. १९९६ साली तो देशभर लागू झाला. त्याला 'मेगनचा कायदा' म्हणतात. कपाटातली वही तेव्हापासून लोकांसमोर आली.

आता हे काम कसे चालते ते सांगते. न्यायालयाने दोषी ठरवले की त्या माणसाची नोंद होते. नुसती अटक झाली म्हणून नाव लागत नाही, हे ध्यानात ठेवा. तुरुंगात असेल तर सुटण्याआधीच नोंद करून घेतात. सुटल्यावर त्याने स्थानिक पोलिसांकडे स्वतः जायचे. नाव, पत्ता, नोकरीचे ठिकाण, गाडीचा नंबर, फोटो, बोटांचे ठसे द्यायचे. घर बदलले, नोकरी बदलली, तर २००६ च्या देशपातळीवरील कायद्याप्रमाणे कामाच्या तीन दिवसांत परत जाऊन सांगायचे. त्या कायद्यात गुन्ह्याप्रमाणे तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीचा माणूस पंधरा वर्षे, दरवर्षी एकदा हजर होतो. दुसरीचा पंचवीस वर्षे, दर सहा महिन्यांनी. तिसरीचा जन्मभर, दर तीन महिन्यांनी. चुकवले तर तो वेगळा गुन्हा, त्याला वेगळी शिक्षा.

राज्याराज्यांत फरक आहे. न्यू जर्सीत न्यायालय धोका पाहून पायरी ठरवते, आणि त्या माणसाला आपली बाजू मांडता येते. धोका कमी असेल तर माहिती फक्त पोलिसांना. मध्यम असेल तर शाळांना आणि मुलांच्या संस्थांनाही. धोका मोठा असेल तर आजूबाजूच्या घरी दारोदार कळवतात. म्हणजे सगळेच नाव सगळ्यांना दिसते असे नाही.

सामान्य माणसाने पाहायचे असेल तर देशाची एक वेबसाइट आहे. ती २००५ साली सुरू झाली. नाव टाका, नाहीतर पत्ता टाकून आजूबाजूचा टापू बघा. ती वेबसाइट स्वतः यादी ठेवत नाही, प्रत्येक राज्याच्या यादीतून माहिती आणून दाखवते. त्यामुळे खरे तपशील त्या त्या राज्याच्या पानावर. फुकट आहे, कोणीही बघावे. पीडित मुलाचे नाव मात्र कुठेही नसते. आणि आत शिरताना ठळक सूचना असते, की या माहितीचा उपयोग कोणाला धमकवायला किंवा त्रास द्यायला केलात तर तुमच्यावर कारवाई होईल.

पण पुढे काय झाले?

आता तुम्ही म्हणाल, बाई, मग अडचण काय आहे? छानच आहे की. मलाही तसेच वाटले होते. पण मास्तरीण आहे ना मी, पेपर तपासल्याशिवाय मार्क देत नाही.

अमेरिकेत आज सात लाखांहून अधिक माणसे अशा याद्यांवर आहेत. एवढ्या वर्षांनी त्यांच्याच संशोधकांनी तपासले, की यादीमुळे गुन्हे कमी झाले का? खुद्द न्यू जर्सीत २००८ साली सरकारी पैशाने झालेल्या अभ्यासात निघाले, की मेगनच्या कायद्यामुळे पुन्हा गुन्हा करण्याचे प्रमाण घटल्याचे दिसत नाही. खर्च मात्र वाढत गेला.

दुसरी गोष्ट. २००६ साली मेन नावाच्या राज्यात एका वीस वर्षांच्या तरुणाने वेबसाइटवरून पत्ते काढले आणि दोन माणसांना त्यांच्या घरी जाऊन गोळ्या घातल्या. त्यातल्या एकाचा गुन्हा काय होता? तो वीस वर्षांच्या आतबाहेरचा असताना त्याच्या मैत्रिणीला सोळा वर्षे पूर्ण व्हायला थोडे दिवस बाकी होते. यादी वाचणाऱ्याने फोटो पाहिला, गुन्ह्याचे नाव पाहिले. त्यामागची हकिगत यादीत मावत नाही.

तिसरी गोष्ट. मायामी शहरात अशा माणसांना शाळेजवळ, बागेजवळ राहायला इतकी बंदी घातली, की घरच मिळेना. २००७ पासून २०१० पर्यंत डझनावारी माणसे एका पुलाखाली तंबू टाकून राहिली. ज्या माणसाला घर नाही, काम नाही, त्याच्यावर पोलीस तरी नजर कशी ठेवणार?

आणि चौथी गोष्ट मनाला लागणारी आहे. जेकबच्या आईनेच, जिच्या धडपडीने हा कायदा आला तिनेच, पुढे जाहीरपणे विचारले, की आपण यादी फार वाढवली नाही ना? जेकबचा मृतदेह सापडला २०१६ साली, सत्तावीस वर्षांनी. मारणारा त्याच भागातला निघाला.

मी असे म्हणत नाही की नोंद नको. पोलिसांकडे नोंद पाहिजेच. मी एवढेच म्हणते, की यादी लावली आणि आईबाप निर्धास्त झोपले, असे होत नाही.

इंग्लंडने मधला रस्ता काढला. तिथे १९९७ च्या कायद्याने नोंद सुरू झाली, पण ती पोलिसांकडेच असते. २००० साली सारा पेन या आठ वर्षांच्या मुलीचा खून झाला, तिच्या आईने मागणी लावून धरली. आता तिकडे आईबाप पोलिसांना विचारू शकतात, की अमुक माणूस माझ्या मुलाच्या सहवासात येतो, त्याच्यापासून धोका आहे का? पोलीस तपासतात, आणि गरज असेल तर फक्त त्या आईबापांना सांगतात. ऐकणाऱ्याने ते चावडीवर नेऊन मांडायचे नाही.

आपल्या देशात काय आहे?

आपल्याकडेही नोंद आहे, हे पुष्कळांना ठाऊक नाही. २० सप्टेंबर २०१८ रोजी केंद्र सरकारने लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद सुरू केली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, ज्याला एनसीआरबी म्हणतात, तो ती सांभाळतो. सुरुवातीलाच तीत चार लाखांहून अधिक नोंदी होत्या. नाव, पत्ता, फोटो, बोटांचे ठसे असे सगळे आहे. पण ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांनाच बघता येते. तुम्हाला मला नाही.

भगिनींनो, तुमच्यापैकी काहींना याचा राग येईल. पण जरा विचार करा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. भिक्षा मागून पोट भरणारी भटक्या समाजाची माणसे ती. मोबाइलवर फिरलेली मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा, एवढाच पुरावा. तिथे यादी नव्हती, नुसता संशय होता. उद्या हातात यादी आली, एक नाव चुकले, एक पत्ता जुना निघाला, तर काय होईल?

आणि नोंदवही म्हणजे काय असते हे आपल्या देशातल्या तळच्या माणसाला इतरांनी शिकवायची गरज नाही. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. माणसाने काही केले असो वा नसो, त्या जातीत जन्मला म्हणून त्याचे नाव वहीत, त्याची पोलिसांकडे हजेरी. १९५२ साली तो शिक्का कागदावरून निघाला, लोकांच्या नजरेतून अजून निघालेला नाही. म्हणून मी सांगते, नोंद पाहिजे ती केलेल्या कर्माची, न्यायालयात सिद्ध झालेल्या गुन्ह्याची. जन्माची नको, अफवेची नको.

यादीत नसलेला माणूस

आता मी माझ्या आयुष्यातली गोष्ट सांगते. नाव सांगणार नाही, गाव सांगणार नाही. माझ्या चौथीच्या वर्गात एक हुशार मुलगी होती. अचानक ती गप्प झाली. गृहपाठ बंद. एकदा मधल्या सुट्टीत जवळ येऊन म्हणाली, "बाई, आईला सांगा ना, मला काकांकडे ठेवू नको." मी काय समजायचे ते समजले. संध्याकाळी तिच्या घरी गेले. आई पदराने तोंड झाकून रडली. वडील म्हणाले, "बाई, आमच्या घरातली गोष्ट आहे, आम्ही बघतो." मोठी माणसे बसली. काकाला दुसऱ्या गावी धाडले. विषय मिटला. सगळे म्हणाले, घराची अब्रू राहिली.

मीही गप्प बसले. मला वाटले, मुलगी तर सुटली. काही वर्षांनी कळले, की तो माणूस जिथे गेला तिथे शिकवण्या घेत होता. लहान मुलांच्या.

बंधूंनो, जगातली कुठलीही यादी आणा. त्या माणसाचे नाव तीत सापडणार नाही. कारण तक्रार नाही, म्हणून खटला नाही. खटला नाही, म्हणून शिक्षा नाही. शिक्षा नाही, म्हणून नोंद नाही. त्याचे नाव यादीतून कोणी पुसले? आम्ही पुसले. त्यात मी पण होते. ती मुलगी आज कुठे असेल ते मला माहीत नाही. भेटली तर तिच्याकडे मान वर करून बघायची माझी हिंमत नाही.

सरकारी आकडे दरवर्षी एकच सांगतात. मुलांवरील अत्याचाराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत शंभरातले नव्वदाहून अधिक गुन्हेगार ओळखीचे असतात. नातेवाईक, शेजारी, शिकवणीचे सर, घरी ये-जा करणारा. अमेरिकेतही तेच आहे. आपण कुठल्या तरी अनोळखी माणसाचा फोटो शोधत बसतो, आणि धोका आपल्या हातचा चहा पीत असतो.

मग करायचे काय?

पहिले म्हणजे कायदा माहीत करून घ्या. २०१२ साली पोक्सो कायदा आला. अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलाला तो लागू आहे, मुलीला आणि मुलग्यालाही. मुलग्यावर अत्याचार होत नाही ही समजूत काढून टाका. या कायद्याने, असा गुन्हा झाल्याचे ज्याला कळले त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवणे हा गुन्हा आहे, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. तेव्हा "घरात मिटवू", "पंचांत मिटवू" हे बोलणेच बंद करा. त्या काळी मी गप्प बसले ती माझी चूक होती. आज गप्प बसले तर तो गुन्हा होईल.

पोलीस ठाण्याची भीती वाटते, मला ठाऊक आहे. पण मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरे वाटेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा, गणवेश न घालता घ्यायचा, असे कायद्यातच आहे. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवायचे. हद्दीचे कारण सांगून कोणी परत पाठवत असेल तर ऐकू नका. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. काही सुचले नाही तर १०९८ हा मुलांचा मदतीचा नंबर फिरवा. फुकट आहे, रात्रंदिवस आहे.

दुसरे, मूल काही सांगायला आले तर हातातले काम टाका. लाटणे बाजूला ठेवा. "असं बोलू नये" म्हणू नका. "तू तिथे गेलासच कशाला" हे तर कधीच म्हणू नका. पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. एवढेच म्हणा, "तू सांगितलंस ते बरं केलंस. तुझी काही चूक नाही." अंगावरचे कपडे धुऊ नका, तसेच ठेवा. आणि त्या मुलाचे नाव, फोटो, घर मोबाइलवर फिरवू नका. पीडिताची ओळख उघड करणे हाही गुन्हा आहे.

तिसरे, आणि हे मी समितीच्या बंधूंना सर्वांसमोर हात जोडून सांगते. पोक्सोच्या २०२० च्या नियमांप्रमाणे मुलांशी रोजचा संबंध येणाऱ्या संस्थांनी आपल्या माणसांची पोलीस पडताळणी करून घ्यायची असते. आपल्या विहारात रविवारी धम्मवर्ग भरतो, सुट्टीत शिबिर होते, अभ्यासिका आहे, लेझीम पथक आहे. जो कोणी आपली मुले हाताळतो त्याने पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला आणावा. यात अपमान मानू नये. पहिला अर्ज माझा. मी अभ्यासिकेत शिकवते, सत्तरीची झाले, तरी माझा दाखला आधी फाइलला लावा. मग कोणाला वाईट वाटणार नाही.

पण दाखला म्हणजे यादीच झाली. त्यात न सापडलेला माणूस दिसत नाही. म्हणून नियम करा. वर्ग चालू असताना दार उघडे. एका मोठ्या माणसाने एका मुलाला एकटे घेऊन बसायचे नाही, दोन मोठी माणसे पाहिजेत. शिबिराला मुली असतील तर महिला कार्यकर्त्या पाहिजेतच. आणि तक्रार घ्यायला महिला मंडळातल्या दोघी नेमा. त्यांची नावे विहाराच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. भिंतीवर यादी लावायचीच असेल तर ती लावा, मुलांनी कोणाकडे जावे याची.

शेवटी एकच बोलते. कोणी विचारील, माणूस बदलत नाही का? बदलतो. अंगुलिमालाची कथा आपण मुलांना सांगतो. पण त्या कथेत एक गोष्ट आपण विसरतो. राजा प्रसेनजित अंगुलिमालाच्या शोधात निघाला तेव्हा बुद्धांनी त्याला लपवले नाही. हात करून दाखवले, की हा अंगुलिमाल. आणि पुढे लोकांनी दगड मारले, पात्र फुटले, तेव्हा अंगुलिमालाने ते आपल्या कर्माचे म्हणून सोसले. म्हणजे बदलाला वाव आहे, पण लपवण्याला नाही. आपण मात्र उलटे करतो. गुन्हा करणाऱ्याला झाकतो, आणि सोसायला मुलाला लावतो.

ही सवय आपण या विहारातून मोडू या. वरच्या खोलीत मुले चित्रे काढत आहेत. कार्यक्रम संपल्यावर ती खाली येतील. ती चित्रे घाईने पिशवीत कोंबू नका. जवळ बसा, विचारा, "हे काय काढलंस? हे कोण आहे?" सांगतील ते सगळे ऐकून घ्या. आज सहज बोलायची सवय लागली, तर ज्या दिवशी खरी गरज पडेल त्या दिवशीही ती तुमच्याकडेच येतील.

माझे बोलणे लांबले, कडूही झाले असेल. मास्तरणीला क्षमा करा.